भाकरीतले स्फुरद
(प्रस्तावना)

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात तासभर बसलात तर स्फुरदाचे नाव दहा वेळा कानावर पडेल. १८:४६ म्हटले की डीएपीची गोणी, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. नत्राने पीक काळोखी धरते, स्फुरदाने मुळी जोम धरते, पालाशाने दाणा भरतो, हे बांधावरचे पोरही सांगते. हेच स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, दाण्यातून भाकरीत येते आणि भाकरीतून आपल्या हाडांत जाते, हे मात्र घरात क्वचितच बोलले जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाची गोळी मिळते, कॅल्शियमची मिळते. फॉस्फरसची गोळी कुणी देत नाही आणि सहसा द्यावीही लागत नाही. म्हणूनच या खनिजाकडे आपले दुर्लक्ष झाले. जे कमी पडत नाही, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

हा हिशेब ठेवायला हवा, असे मला मनापासून वाटते. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत, कॅल्शियमच्या सोबतीने बांधलेला. उरलेला थोडा असला तरी त्याच्यावाचून एक क्षण चालत नाही. पेशीचे आवरण त्याचेच. आईबापांचे गुण मुलांत नेणाऱ्या डीएनएच्या साखळीचा कणा त्याचाच. खाल्लेल्या अन्नातून निघालेली शक्ती ज्या रेणूत साठते, त्या एटीपीतही तोच. खुरपे धरणाऱ्या हाताचा स्नायू आखडतो आणि सैल पडतो, तेव्हा प्रत्येक वेळी फॉस्फेट खर्ची पडते आणि पुन्हा जोडले जाते.

तो मिळतो कुठून? अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ७०० मिलिग्रॅम फॉस्फरस पुरे. आता पाथर्डी, कर्जत, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतल्या राबणाऱ्या माणसाचे ताट घेऊ. शंभर ग्रॅम बाजरीत २९० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. एका चांगल्या भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले, तर दिवसाच्या चार भाकरींतून साडेअकराशे मिलिग्रॅम आले. ज्वारीत त्याहून थोडा कमी, २२० ते २७० च्या दरम्यान. गव्हात तीनशेच्या वर. तूर, मूग, हरभरा, मटकी, हुलगा यांत शंभर ग्रॅममागे २३० ते ४००. शेंगदाण्यात साडेतीनशे, तिळात साडेपाचशेच्या वर. एका अंड्यात नव्वद-शंभर, गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात नव्वद. बोकडाच्या मटणात शंभर ग्रॅमला दोनशेच्या जवळपास, आणि नाथसागराच्या काठच्या शेवगाव-नेवासे भागात किंवा मुळा धरणाच्या परिसरात खाल्ल्या जाणाऱ्या माशांतही भरपूर. भाकरी, कालवण आणि ठेचा एवढेच ज्याच्या वाट्याला आले, त्याच्याही ताटात फॉस्फरस कमी नसतो.

हे आकडे आपल्याला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेमुळे मिळतात. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये त्याच संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांची नवी कोष्टके काढली. जुन्या-नव्या आकड्यांत फरक दिसतो. वाण, जमीन, पाऊस आणि मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. म्हणून या पुस्तकातले आकडे अदमासे घ्यावेत.

खरी अडचण पुढे आहे. धान्यात आणि कडधान्यात फॉस्फरस असतो तो बहुतांशी फायटिक आम्लाच्या रूपात. बीजाने आपल्या पुढच्या पिढीसाठी ठेवलेली ही कुलूपबंद शिदोरी. कुलूप उघडणारे विकर, म्हणजे फायटेज, बियात असते, मातीतल्या आणि ताकातल्या जीवाणूंत असते. माणसाच्या आतड्यात ते जवळजवळ नसतेच. म्हणून बाजरीतून साडेअकराशे मिलिग्रॅम पोटात गेले तरी अंगी लागतो तो निम्म्याच्या आतबाहेर. आणि हे फायटिक आम्ल एकटे बाहेर पडत नाही. जाताना लोह आणि जस्त धरून नेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण भरपूर भाकरी खाणाऱ्या बाईच्याही रक्तात लोह का कमी, या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा इथे सापडतो.

आपल्या आज्या-पणज्यांना फायटेज ठाऊक नव्हते. मटकी मात्र त्या मोड आणल्याशिवाय शिजवत नसत. रात्री मटकी निवडून भरपूर पाण्यात भिजत घालायची. सकाळी फुगून दुप्पट झाली की उपसायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि पुरचुंडी झाकून उबेला ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत, थंडीत दुसऱ्या दिवशी फडक्याच्या विणीतून पांढरे मोड डोकावू लागतात. या वेळात बी जागे होते, आपले विकर सोडते आणि फायटिक आम्ल फोडून फॉस्फरस मोकळा करते. कोंबाला तो हवाच असतो. आपण मधेच मटकी शिजवतो आणि तो मोकळा फॉस्फरस आपल्या वाट्याला येतो. लोह-जस्ताची बेडीही सैल झालेली असते. आंबील हा त्याच गोष्टीचा दुसरा प्रकार. ज्वारीचे किंवा नागलीचे (नाचणीचे) पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवले की आंबवणारे जीवाणू तेच काम करतात. उन्हातान्हात रानात जाणाऱ्याला सकाळी गाडगेभर आंबील देत, ती थंडाव्यासाठी. पण तिच्यात थंडाव्यापेक्षा बरेच काही होते. माझ्या मते या जिल्ह्याच्या आहारात सर्वात आधी परत आणावी अशी गोष्ट कुठली, तर ही आंबील. तिला पैसा लागत नाही. आदल्या रात्री आठवण लागते.

हुलग्याचे तेवढे होत नाही. हुलगे बहुधा दळूनच वापरले जातात, शेंगोळ्यांना आणि माडग्याला. दळण्याआधी भिजवून, मोड आणून, वाळवून घेतले तर तेच पीठ अधिक अंगी लागेल. ही खटपट पूर्वी तान्ह्या बाळाच्या सत्त्वासाठी केली जाई. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळलेली. मोठ्यांसाठीही ती करायला हरकत नाही.

आता सोबतीचा प्रश्न. फॉस्फरस एकटा हाड बांधत नाही. त्याला कॅल्शियम लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. शंभर ग्रॅम बाजरीत ते जेमतेम तीस-चाळीस असते, म्हणजे फॉस्फरसच्या सातव्या-आठव्या हिश्शाहूनही कमी. ज्वारीचेही तसेच. नुसत्या भाकरीवर जगणाऱ्याच्या आहारात ही जोडी अशी एका बाजूला कलते, आणि वर्षानुवर्षे कलती राहिली तर रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी शरीर हाडातूनच उसने घेते. या जिल्ह्यात फॉस्फरस आणखी कुठून आणावा हा प्रश्नच नाही. त्याला जोड काय द्यावी, हा आहे.

याचे उत्तर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात उभे आहे. कळसूबाई-रतनगडाच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि दोनशे ते दोनशे ऐंशी फॉस्फरस असतो. आपल्या रोजच्या तृणधान्यांत कॅल्शियम फॉस्फरसला मागे टाकते ते एवढ्या एकाच धान्यात. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे, भात, नागली, रानभाज्या यांचे गावरान बियाणे घराघरांतून गोळा करून जपले. बायफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सत्काराच्या बातम्यांत बियांची संख्या येते. त्या बिया ताटात काय आणतात हे येत नाही. वेलावरच्या वालाचे इतके प्रकार एका तालुक्यात टिकतात, तेव्हा पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कुठली ना कुठली शेंग, कुठले ना कुठले कडधान्य चुलीवर असते. राहीबाईंच्या कामाला मी पोषणाचे काम समजतो, आणि या पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण त्या डोंगरी ताटाला दिले आहे.

सपाटीवरच्या तालुक्यांना नागली परकी असली तरी त्यांची स्वतःची जोड आहे. भोगीचा दिवस आठवा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि हरभरा, पावटा, घेवडा, वांगी, गाजर यांची तिळाच्या कुटातली मिसळीची भाजी. बाजरीत कॅल्शियम फारसे नाही, न कांडलेल्या तिळात ते शंभर ग्रॅमला हजाराच्या वर आहे. दोघांची गाठ एका भाकरीवर घालून दिली आहे, तीही सुगीच्या ऐन थंडीत. वर्षातून एक दिवस पाळली जाणारी ही रीत चार महिने पाळली तर? तीच गोष्ट मासवडीच्या सारणातल्या तीळ-खोबऱ्याची, आणि तीच हरभऱ्याच्या पाल्याची. हिवाळ्यात खुडलेला पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. शेवग्याचा पाला तर दारातच असतो आणि आपण शेंगा तोडून पाला शेळीला टाकतो.

दुधाबद्दल फार सांगायला नको. गाईच्या दुधात कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण १२० ला ९० या प्रमाणात येतात, आणि ते अंगी लागायला सोपे असतात. संगमनेर, राहुरी, राहाता, कोपरगाव, श्रीगोंदे. राज्यात दुधासाठी नाव असलेला हा जिल्हा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी ही गाय इथेच घडवली. पण पहाटे धारा काढून सगळे दूध डेअरीवर घालायचे आणि घरात चहापुरते ठेवायचे, ही रीतही इथलीच. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी घरात येतो, म्हणून कुणाला दोष देता येत नाही. तरीही शाळकरी पोरासाठी एक पेला बाजूला काढून ठेवावा, अशी हात जोडून विनंती आहे.

गोठ्यात मात्र स्फुरदाची टंचाई खरोखर दिसते. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात जनावरांना उसाचे वाढे मिळतात. स्वस्त, हिरवे, भरपूर. वाढ्यांत फॉस्फरस कमी आणि ऑक्झलेट जास्त. ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकते. म्हैस विते, दुधाची धार लागते, दुधावाटे फॉस्फरस वाहून जातो, आणि दोन-चार आठवड्यांत एका सकाळी मालकाला दिसते की म्हैस लाल मुततेय, कधी काळ्या चहासारखे गडद. रक्तातला फॉस्फरस इतका उतरलेला असतो की तांबड्या पेशींना आपले आवरण टिकवता येत नाही. त्या फुटतात आणि त्यांचा रंग मूत्रातून बाहेर येतो. पशुवैद्यक फॉस्फरसची सलाईन लावतात. वेळेत लावली तर जनावर उठते. त्याआधी कितीतरी दिवस ते भिंत चाटत असते, चिंधी चघळत असते, उकिरड्यावरचे हाडूक तोंडात धरत असते. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाने नेमके हेच टिपले होते. तिथली गुरे कुरणातली सडकी हाडे चघळत, त्यांतून विषबाधा होऊन मरत. मुळाशी होती ती मातीतली आणि गवतातली फॉस्फरसची कमतरता. त्याने हाडांची भुकटी खायला घातली आणि गुरांनी हाडे चघळणे सोडले. आपल्याकडे खनिज मिश्रणाचा पुडा आणि वाढ्यांवर चुन्याच्या निवळीची प्रक्रिया एवढे केले तरी पुष्कळ जनावरे वाचतात.

म्हणजे वाट मातीपर्यंत जाते. नगरची काळी जमीन बसाल्टची, चुनखडीयुक्त. तिच्यात स्फुरद घातले की चुना त्याला धरून ठेवतो. पहिल्या पिकाला घातलेल्यातले पाचव्या हिश्शाच्या आसपासच मिळते. म्हणून जाणते शेतकरी ते फोकून देत नाहीत; दोन चाड्यांच्या पाभरीने बियाच्या खाली पेरतात, बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जीवाणूंची प्रक्रिया करतात. एवढे जपायचे कारण, हे स्फुरद आपले नाही. देशाला लागणारे बहुतांश फॉस्फेट मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया अशा देशांतून दगडाच्या, आम्लाच्या किंवा तयार खताच्या रूपात येते. जामखेडच्या भाकरीत मोरोक्कोचा खडक आहे, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे.

आयात खत येण्यापूर्वी गावे स्फुरद फिरवून वापरत. धनगराची मेंढरे रात्री रानात बसवत. माळावरचे गवत लेंड्यांच्या रूपाने शेतात येई. गोवऱ्या जाळल्या की नत्र धुरात जाई, पण स्फुरद राखेत उरे आणि राख उकिरड्यावरून परत शेतात पडे. याहून जुनी गोष्ट पांढरीची. शेकडो वर्षे माणसे, गुरे, चुली, राख, हाडे, शेण एका जागी साचत गेले की गावठाणाची माती पांढरी होते. अशा ओसाड टेकाडांची माती शेतकरी बैलगाड्या भरभरून शेतात नेत, कारण तिने पीक उठते. पुरातत्त्वज्ञांच्या जिवाला मात्र त्याने घोर लागे. दख्खनमधली कितीतरी टेकाडे अशी खणली गेली.

प्रवरेच्या काठी हा विषय फारच जवळ येतो. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या एका संस्कृतीला नाव मिळाले, इ.स.पू. १४०० च्या सुमारास ती नांदू लागली. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला आणि नेवाशाला तिच्या वसाहती निघाल्या. नेवाशाचे उत्खनन १९५४ पासून डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. घरांच्या जमिनीखाली त्यांना मातीची दोन भांडी तोंडाला तोंड लावून ठेवलेली सापडली आणि त्यांत लहान मुलांची हाडे. तीन हजार वर्षे ती मातीत राहिली, कारण हाडाचा बांधा कॅल्शियम फॉस्फेटचा असतो आणि चुनखडीच्या जमिनीत तो सहज विरघळत नाही. त्या आयांनी प्रवरेकाठचे धान्य, कडधान्य, गुरांचे दूध आणि मांस खाऊन जे लेकरांना दिले, ते तिथे शिल्लक होते.

साखरेचा उल्लेख केल्याशिवाय या जिल्ह्याबद्दल लिहिता येत नाही. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या भागाचे नशीब पालटले. पोषणाच्या हिशेबात मात्र पांढऱ्या साखरेची बाजू कोरी आहे. उसाच्या रसातले फॉस्फेट निवळण्याच्या टप्प्यावर चुन्याशी संयोग पावून गाळाबरोबर खाली बसते. त्यासाठी वरून फॉस्फरिक आम्लही घालतात. ते सगळे प्रेसमडमध्ये जाते, साखरेत काही उरत नाही. गुळात थोडेसे राहते. प्रेसमड शेतात परत गेला पाहिजे, हे त्यामुळे उघड आहे.

शेवटी, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ताटात शिरलेला नवा फॉस्फरस. शीतपेयांतले फॉस्फरिक आम्ल, झटपट नूडल्समधले, प्रक्रिया केलेल्या चीजमधले, बेकरीतल्या फुगवणाऱ्या पावडरीतले, गोठवलेल्या मांसातले फॉस्फेट. वेष्टनावर ते ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ अशा आयएनएस क्रमांकांमागे असतात, आणि त्यात किती मिलिग्रॅम हे सहसा लिहिलेले नसते. धान्यातला निम्मा अंगी लागतो, हा नव्वद टक्क्यांपर्यंत शोषला जातो. निरोगी मूत्रपिंड जादा फॉस्फरस बाहेर टाकते. मधुमेहाने आणि रक्तदाबाने मूत्रपिंड थकले की ते जमत नाही; रक्तात फॉस्फरस वाढतो, अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना बसू लागतो. अशा रुग्णाला घरचे लोक आधी डाळ आणि भाकरी तोडतात. माझे मत असे, की तोडायचीच झाली तर पहिल्यांदा ही पाकिटे आणि बाटल्या तोडाव्यात. फॉस्फरस खरोखर कमी पडणारी माणसेही असतात, पण ती मोजकी: अपुऱ्या दिवसांची बाळे, फार दिवस उपाशी राहिलेले, दारूच्या आहारी गेलेले, वर्षानुवर्षे ॲसिडिटीची औषधे घेणारे. त्यांची जागा दवाखान्यात आहे.

वाचकांना एवढेच सांगणे. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर शेवटचे प्रकरण आधी वाचा, आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या ताटात काही बदलू नका. बाकीच्यांनी कुठल्याही पानापासून सुरुवात करावी. फक्त आज रात्री मटकी भिजत घालून ठेवावी आणि पेरणीआधी आपल्या रानाची माती तपासून घ्यावी.